चोवीस चौकटी

मुयनाकच्या मासळी कारखान्याच्या क्लबात
पडदा म्हणजे जुनं शीड होतं, मधोमध शिवण.
त्या शिवणीवर आला की
प्रत्येक नायकाचं नाक जरा वाकडं व्हायचं.

मी एंबेरगेन. प्रोजेक्टर चालवायचो.
छप्पन्नच्या उन्हाळ्यात आमच्याच किनाऱ्यावर
सिनेमा काढून गेले होते ते लोक.
हिवाळ्यात डबे आले, सहा रिळं,
अरल गोठला होता म्हणून उंटावरून.

गोष्ट साधी. लेनिनग्राडचा इंजिनियर
आणि आमच्यातली एक कोळ्याची पोर.
पोर मॉस्कोहून आणली होती.
डोळ्यांच्या कडा डिंकाने ओढून
रोज दीड तासात ती आमच्यासारखी व्हायची,
संध्याकाळी पुसून परत स्वतःसारखी.
वाईट नव्हती हो. मुलांना साखरेचे खडे द्यायची.
फक्त मासा हातात धरवत नव्हता तिला.

म्हणून उलबोसिनला बोलावलं.
उलबोसिन, म्हणजे ‘आता तरी मुलगा होवो’.
पाचवी मुलगी; बापाने नावातच नवस बांधून ठेवला.
सिनेमातल्या पोरीचं नाव गुलशाद. फुलाबिलाचं.
मिनिटाला अकरा मासे चिरायची माझी बायको.
कॅमेरा तिच्या मनगटापर्यंत आला.
दिग्दर्शक म्हणाला, बास, वर नको.

लग्नाच्या प्रसंगाला सगळी प्रजासत्ताकं हवी होती.
पेटीत टोप्या सात, सातही उझबेकी.
आमची मेंढीची टोपी म्हणे फार रानटी दिसते.
कझाक सेयित उझबेक झाला.
पाक कोरियन, सदतीस साली मालगाडीतून आणून टाकलेला,
त्याला सांगितलं, तू चिनी पाहुणा, हस.
तो हसला. सरावाचं होतं ते.
व्होल्गाकाठची जर्मन एर्ना पिंपांपाशी उभी होती,
बहिणीची चोळी उसनी घालून.
तिला कुणी हाकललं नाही.
कॅमेराच जरा आधी वळला.

पहिल्या खेळाला क्लब तुडुंब.
गुलशाद रशियन बोलत होती, आईशी, बोटीशी,
एकटी असताना समुद्राशीसुद्धा.
आम्ही ऐकत होतो, पाहुण्यांचं ऐकतात तसं.
चौथ्या रिळात हात आले.
अंगठ्याच्या मुळाशी जुनी जखम, नखाएवढी.
मागून चिरणाऱ्या बायकांपैकी कुणी ओरडली,
अगं, हे तर उलबोसिनचे हात!
बाकं कोसळली. टाळ्या. पुन्हा दाखव, पुन्हा.
तीनदा मागे घेतलं मी रीळ.
पुढे इंजिनियर स्टेशनवर रडला म्हणतात.
कुणी पाहिलंच नाही.

आणि तिने ते हात
शालीखाली मांडीवर दाबून धरले होते.
घरी आल्यावर चुलीपाशी म्हणाली,
तेव्हा मी बोलले होते काहीतरी.
‘चाकू बोथट आहे’ म्हणाले होते. ते कुठे गेलं?
मी सांगितलं, तिथे व्हायोलिन आहे.
ती म्हणाली, बरं.

डबे परत करायच्या आदल्या रात्री
मी चोवीस चौकटी कापल्या. एक सेकंद.
सांधा नीट चिकटवला,
वहीत झीज या रकान्यात एक आकडा टाकला.
मग चिंबाय, नुकुस, पुढे कुठे कुठे
गुलशाद चाकू उचलते
आणि मासा दोन झालेलाच असतो.
तक्रार आली नाही. प्रेमकथेत
मासा कसा चिरला हे कोण विचारतं?

समुद्र आता कारखान्यापासून मागे सरकलाय.
पट्टी चहाच्या डब्यात आहे.
कधीतरी खिडकीशी धरतो : चोवीस जोड्या हात,
तांदळाच्या दाण्याएवढे.
अठराव्या चौकटीत, अगदी वरच्या कडेला
काहीतरी फिकट आहे. हनुवटी असावी.
उलबोसिन म्हणते धूळ आहे, पूस.
मी पुसत नाही.
यावरून आमचं अजून भांडण होतं.