नववं यंत्र

तार्तूत उणे एकोणीस. नदी बंद.
जुन्या सूतगिरणीच्या तळघरात मात्र
चौदा यंत्रांची ऊबदार घरघर,
आणि त्यांच्यावर वाळत घातलेले हेल्दुरचे मोजे.

मी तिसऱ्या मजल्यावर.
इथून हुकूम सोडायचा, खाली चित्र उमटायचं.
पहिल्याला फ्रेम एक ते चाळीस, दुसऱ्याला पुढच्या चाळीस.
गोष्ट एवढीच: एक ईल मासा
गोठलेल्या तळ्याखालून समुद्र शोधत निघतो.

रात्री तीनला चौदा वेळा पासवर्ड कोण टंकणार?
म्हणून किल्ल्यांची जोडी घडवली.
एक माझ्यापाशी, कुणाला न दाखवण्याची.
दुसरीची प्रत प्रत्येकाच्या उंबऱ्याआत.

तरी पहिल्या रात्री सगळीकडून एकच उत्तर:
असा हुकूम इथे सापडत नाही.
सापडत नाही कसा? दुपारी मी स्वतः तिथे बसून चालवला होता!
मग उमगलं.
समोर बसलं की यंत्र आधी घरभर दिवे लावतं,
लांबून हाक मारली तर नुसती कडी काढतं.
आत अंधार, कुठे काय ठेवलंय कळत नाही.
तेव्हा अख्खा पत्ता लिहून दिला, मुळापासून, तिरक्या रेघांसकट,
एकट्या पोराला आगगाडीत बसवताना
खिशात चिठ्ठी कोंबावी तसा.

पहाटे हेल्दुर म्हणाला,
"लीविका, तुझा मासा मधेच उडी मारतो."
तीनशे एकवीस ते तीनशे साठ. पावणेदोन सेकंदांचा खड्डा.
भेगेपाशी होता, एकदम पार पलीकडे.

जिने उतरून गेले. नववं यंत्र जागं होतं,
गार, रिकामं, काहीच न मागता.
पंखासुद्धा फिरत नव्हता.
"शुक्रवारी बदललं मी ते," हेल्दुर म्हणाला,
"शाळेतून आणलं. सांगायचं राहिलं."

पुन्हा वर.
माझ्याच पडद्यावर, चार खिडक्यांच्या मागे,
रात्रभर एक ओळ ताटकळत उभी:
याला मी ओळखत नाही. पुढे जाऊ? हो की नाही?

आणि मी खाली जाऊन त्याच्या तारा हलवून आले होते.

आधी त्याचा ठसा ताडून पाहिला, अक्षर न् अक्षर.
मग लिहिलं, हो.

थोड्या वेळानं हेल्दुरचा फोन:
नवव्याचा पंखा लागलाय,
एक मोजा तिकडे हलवतोय.