तपकिरी कड

चार मायक्रॉनचा काप. नाव नाही, नुसतं ४१७-ब.
कुणाच्या तरी मूत्रपिंडाची धड राहिलेली कड,
गाठीसोबत काढावीच लागली ती.

काल अँटीबॉडी घातली. आज बघायचं
तपकिरी रंग कुठं धरलाय.
होटगीकर मॅडमनी रकाने आखून दिलेत:
कुठली नलिका, पेशीची कुठली बाजू.
"नुसतं 'आहे' लिहू नका, भूलक्ष्मी. कुठं आहे?"

पहिल्या नागमोडी नलिकेत, पोकळीकडच्या झालरीवर
साखर वेचणारं प्रथिन,
गर्द, काठ भरून विणल्यासारखं.
तीच साखर रक्ताकडे सोडणारं निराळं,
ते पेशीच्या मागच्या अंगाला.
दोघांनी जागा बदलल्या तर?
मॅडम म्हणाल्या, आधी वाचून या.

अप्पांनी चाळीस वर्षं चादरी विणल्या, साखर पेठेत.
चादरीला उलटी बाजू नसते, म्हणायचे,
इकडं मोर पांढरा, तिकडं निळा, एवढंच.
पांघरणाऱ्यानं ठरवावं.
पेशीत असं चालत नाही, अप्पा.
तुम्हाला हे सांगायला हवं होतं
सिव्हिलच्या त्या मशीनशेजारी बसून,
मंगळवारी नाहीतर शुक्रवारी.

शेवटची स्लाइड संकलक नलिकेची. पाण्याची दारं.
ही भिंतीत कायमची बसवलेली नसतात.
बारक्या पिशव्यांत मिटून पेशीच्या आत थांबतात,
मेंदूकडून तहानेचा निरोप आला
की कडेला येऊन उघडतात.
मी भिंग बदललं. चाळीस. मग तेलातलं शंभर.
कड फिकी. रंग सगळा आतच,
डबा कलंडून मोहरी सांडावी तसा.

म्हणजे ४१७-ब तहानलेला नव्हता.
किंवा तहानलेली.
आदल्या रात्री कुणी पाणी पाज पाज पाजलं,
की सलाइनच जोरात सोडलेलं?
मॅडम म्हणाल्या, एवढं नाही सांगता येत एका कापावरून.
खरंय.

आज आमच्याकडं चौथा दिवस.
पहाटे तीनला नळ घशातून खाकरेल,
उशाशी विड्यांचं सूप ठेवून निजलेली अम्मा
उठून ओरडेल, "नीळ्ळु वच्चिंदि!"
आणि अख्खी गल्ली घागरी घेऊन दारात येईल.

रकान्यात लिहिलं: संकलक नलिका. आत. कडेला नाही.
पेनातली शाई संपत आलेली,
'नाही' दोनदा गिरवावं लागलं.