सातवी भेट

चाळीस सालच्या मे महिन्यात विचारलं, मत कुणाला?
हर्टा क्रेसलर म्हणाली, ठरलं नाही.
रेडिओ? – नुसता खरखरतो.
पेपर? – मासळी गुंडाळायला.
मग ऐकता तरी कुणाचं?
लाँड्रीतल्या ओपलचं. ती वाचते, मी इस्त्री फिरवते.

मी कागदावर बाण काढला:
पेपराकडून ओपलकडे, ओपलकडून हिच्याकडे.
बाण सरळ आला.

नोव्हेंबरात एरी सरोवरावरचा वारा
दार ढकलत होता.
आत नवा रेडिओ, अजून ऊन,
पेपरात पेन्सिलीच्या रेघा.
आणि ओपल?
भांडलो. तिला मेलीला काय कळतं!

मग हे सगळं कुणामुळे?

कॉफी ओतता ओतता म्हणाली,
तुम्ही दर महिन्याला येऊन विचारता.
दर वेळी कोरीच कशी राहू?

‘इतर’ असा एक रकाना होता.
त्यात मी माझं नाव लिहिलं,
मग खोडलं.