डावी कड

ओलरनशॉ टायर उतरवतो, आणि आधी काहीच बोलत नाही.
ग्लॉसपच्या रेल्वेपुलाखालचं त्याचं गॅरेज:
किटली, एक म्हातारी कुत्री, ओल्या रबराचा वास.
मग तो टायर माझ्यापुढे उभा धरतो,
जशी मी फिल्मच्या जमान्यात
एक्स-रे धरायचे उजेडापुढे.
"मधोमध सपाट. तीन वर्षं तू नुसती सरळ गेलीस."

खरं आहे.
घर ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते घर,
मोटरवेवरचे तेच ते मैल.
सरळपणाचा मला अभिमानच होता.
झिजावं तर चंदनासारखं, असं शिकवलं होतं घरी;
खोड सहाणेवर फिरवत राहायचं असतं
हे मात्र कुणी सांगितलं नाही.

ऑक्टोबरात, स्नेक पासच्या त्या डाव्या वळणावर
बाइक कलली आणि सपाटी संपली,
अंधारात एक पायरी कमी निघावी तशी.
वर पानं. पानांवर कुणाच्या तरी ट्रकचं डिझेल.
आठवतो तो हेल्मेटच्या आतला माझाच श्वास
आणि दगडी कुंपणापलीकडची एक मेंढी,
चघळणं न थांबवता बघणारी.

स्वतःच्याच खात्यात, स्वतःच्याच टेबलावर मी आडवी.
नवी मुलगी, ब्रॉनवेन, म्हणाली, श्वास रोखा.
वीस वर्षं हे मी लोकांना सांगत आले.
हासळीचं हाड, दोन बरगड्या.
ती "सोडा" म्हणाली, तरी
मी तो बहुधा मार्चपर्यंत सोडलाच नाही.

मुकुल काही बोलला नाही.
फक्त बाइकची किल्ली खिळ्यावरून उतरली
आणि साबुदाण्याच्या डब्यामागे जाऊन बसली.
मला जागा ठाऊक होती. त्यालाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे.
हिवाळाभर खिचडी कुणीच केली नाही.

नवा टायर काळाभोर, साच्यातून आलेला, निसरडा,
दोन्ही कडांना रबराचे बारीक केस,
बाळाच्या जावळासारखे.
"पहिले शंभर मैल याच्यावर भरवसा ठेवू नकोस."
मी विचारलं, आणि यानं माझ्यावर?
ओलरनशॉ हसला नाही. त्यानं बिल लिहिलं.

रविवारी सकाळी सहाला
सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगात मी आठ काढत बसले.
इंग्रजी आठ. कितीही गिरवा, कुठे जात नाही,
आणि पडलंच तर ट्रॉल्यांखेरीज बघणारं कुणी नाही.
आपला ८ वेगळा:
एकच वळण, डावीकडचं, आणि मग पान सोडून बाहेर.
अक्षराला वळण नाही तुझ्या, म्हणायच्या पराडकर बाई.
त्यांना सांगावंसं वाटलं,
बाई, अजून नाही.

जूनमध्ये पुन्हा पुलाखाली.
उजव्या कडेचं जावळ उतरलंय, रबर खरखरीत, कामाला लागलेलं.
डाव्या कडेला दोन बोटं रुंद पट्टा
कोराच्या कोरा, दुकानातून आणल्यासारखा.
डावं-उजवं मी केलं,
याने फक्त लिहून ठेवलं.
माझी समजूत होती, घाबरते ते आत कुठेतरी,
कुणाला दिसत नाही.
ओलरनशॉ पट्ट्यावर अंगठा फिरवतो.
"रबर इथेही तेच आहे. तू वापरलं नाहीस, एवढंच."
कुत्री जांभई देते.

आज वर गेले. वारा होता, रस्ता कोरडा.
ते वळण आलं तेव्हा हात आपसूक ब्रेककडे,
नजर कुंपणाकडे.
जिथे बघशील तिथे जाशील, हे पहिल्याच धड्यात शिकवतात.
नजर उचलली.
उचलली म्हणजे
ओढून काढली, कपड्यात अडकलेल्या काट्यासारखी,
आणि वळण जिथे संपतं तिथे नेऊन ठेवली.
बाइक कलली. थोडीशीच.
मागून येणारा एक व्हॅनवाला वैतागून हॉर्न वाजवत गेला.

आता घरासमोर फुटपाथवर गुडघे टेकून
मी टायरच्या डाव्या कडेला नाक लावून बसलेय.
मुकुल खिडकीतून विचारतो,
"काही पडलं का?"
हो, म्हणते मी. थांब, मोजतेय.
तीन केस.