चौदावी खुंटी

टार्मो, तंबू गाडीत ठेवलाय. हिरवी पिशवी.
चेन अडते, ओढाताण करू नकोस, मेणबत्ती घास.
निघण्याआधी एकदा अंगणात उभारून बघ,
पोरांना आत लोळू दे, भांडू दे,
कोण कुठे झोपणार ते घरीच मिटू दे.
बेटावर पोचाल तेव्हा
निदान तंबू तरी ओळखीचा हवा.

फेरीतून उतरल्यावर रेंगाळू नकोस.
जूनमध्ये हीउमावर अकरालाही उजेड असतो,
माणूस फसतो.
पोटातलं घड्याळ सहालाच वाजतं.
आधी काळा पाव, काकडी, धुरी दिलेला मासा,
मग खांब.
उपाशी पोर आणि अर्धा तंबू
एकाच वेळी सावरता येत नाहीत. मी करून बघितलंय.

जागा निवडताना समुद्राकडे बघू नकोस,
जमिनीवर आडवा हो.
खरंच, हसू नकोस. पाइनची मुळं
डोळ्यांआधी पाठीला कळतात.
उतार असेल तर उशा वरच्या अंगाला,
नाहीतर पहाटे मिर्त
तुझ्या पायाशी गोळा झालेली सापडेल.

उकूला हातोडी दे.
वाकडं ठोकेल, ठोकू दे.
त्याला काहीतरी ठोकायला लागतंच. हल्ली जास्त.
मिर्तला खुंट्या मोजायला बसव,
तिला सातपर्यंत येतं,
म्हणजे दोनदा सात.

गोचीड. हे विसरायचं नाही.
रोज संध्याकाळी कानामागे, काखेत,
गुडघ्यामागच्या घडीत, केसांच्या मुळाशी.
चिमटा लाल डब्यात आहे.
आधी त्यांना तुझी मान तपासू दे,
मग ती निमूट उभी राहतात.

मोज्यांची एक जोडी प्रत्येकाची
कुणाला न सांगता झोपायच्या पिशवीच्या तळाशी लपव.
बाकीचे सगळे मोजे भिजणार,
पाऊस नसला तरी.
आणि शू-चा डबा दाराशी, झाकणासकट.
झाकणासकट, टार्मो.

रात्र होत नाही, त्याला इलाज नाही.
कोकिळ ओरडत राहते, डास सुईसारखे गातात,
आणि मिर्त विचारते, रात्र कधी?
काळी घोंगडी दिलीय. आतून छताला अडकव,
सांग, ही रात्र,
आपण घरून आणलीय.

मग अंधारात ती आईबद्दल विचारतील.
घरात विचारत नाहीत,
घरात प्रत्येकाला आपापलं दार असतं.
इथे माझ्याकडे काही युक्ती नाही.
हेल्वेला शेकोटी कधीच पेटवता आली नाही,
अर्धी पेटी काड्या संपवून
शेवटी सगळ्यांना थंड बीन्स वाढायची,
ते सांग. तिचं नाव घेऊन सांग.

अजून एक.
खुंट्या तेराच आहेत.
चौदावी म्हणजे एक चमचा, देठ वाकवलेला.
त्या वादळात तिनेच गुडघ्यावर वाकवला होता,
वाऱ्याला शिव्या देत, केस तोंडात.
भांड्यांत टाकशील चुकून, म्हणून लिहिलं.
वाऱ्याच्या बाजूला तोच लाव.
बाकीच्या उपटल्या आहेत अधूनमधून,
तो नाही.

येताना तंबू ओला असला तरी आण तसाच,
मी गच्चीत वाळवीन.
फक्त निघण्याआधी मिर्तला मोजायला सांग.
दोनदा सात.