ओनोफ्रेची दाढी

दर शनिवारी ओनोफ्रे येतो, वाल्पाराइसोची टेकडी उतरून.
बावीस वर्षं गोळ्या.
कानातले आवाज गेले, म्हणतो,
जाताना तोंड तेवढं चालू ठेवून गेले.

ओठांचा चंबू होतो, जीभ डोकावते,
जबडा रवंथ करतो काहीच नसलेलं.
ट्रॉलीबसमधली पोरं विचारतात, काय खातोस, आम्हालाही दे.
तो खिसे उलटे करून दाखवतो.

मी फेस लावतो. वस्तरा धरून थांबतो.
जिभेला हाड नसतं
हे मला धारेपाशी कळलं.

मग खाली बंदरात भोंगा होतो,
ऊन त्याच्या गुडघ्यांवर येतं,
डुलकी लागते
आणि चेहरा थांबतो.
सगळा.
हनुवटीला खळी आहे त्याच्या.

रेडिओ बंद करून मी भराभर हात चालवतो.

आज डावा गाल राहिलाच.
चाचपून म्हणाला,
पुढल्या शनिवारी इथूनच सुरू कर.