रबाळ्यातली कल्हई

अब्बा पितळेला कल्हई लावायचे,
मी टायटॅनियमला लावते.
रबाळे एमआयडीसीत नोकरी लागली
तेव्हा घरी एवढंच सांगितलं.
अब्बा म्हणाले, नवसागर तरी चांगला वापरतात ना?

नवसागर नाही, अब्बा.
मांडीच्या हाडात ठोकतात तो खुंट
आधी बारीक कणांच्या माऱ्याने खरबरीत करायचा.
धुवायचा. वाळवायचा.
मग त्याला उघडं बोट लावायचं नाही कुणी,
बोटाचं तेल लागलं की लॉट बाद.
(अब्बांची बोटं कथलाने कायम रुपेरी.
पेणच्या नाक्यावर भाता मारताना
मी त्यांच्या हातांकडेच बघायचे.)

काचेपलीकडे ज्योत पेटते.
तिच्यातून जाते पांढरी भुकटी, हाडाच्याच जातीची,
अर्धीमुर्धी वितळून धातूवर बसते,
केसभर जाडीची.
मग आम्ही मोजतो, ओढून बघतो.
एकदा पापुद्रा सुटला. दोन रात्री झोप नाही.
तांडेलसाहेब म्हणाले, अगं सलमा, नमुनाच होता तो.

हाडाला धातूचा राग नसतो.
ते फक्त मध्ये एक पडदा धरतं,
अनोळखी पाहुण्याला ओटीवरच बसवावं तसं.
चहापाणी सगळं होतं,
पण माजघरात बोलावत नाहीत.
भुकटी असली की
हाड स्वतःच उठून येतं.

रमजानला आठ दिवस होते.
घणसोलीच्या खोलीत, मोरीपाशी, अब्बा घसरले.
वाशीला ऑपरेशन झालं. फाईलमध्ये स्टिकर होता.
जिन्याखाली उभी राहून
लॉट नंबर तीनदा वाचला.
आमचा नव्हता.
समुद्रापलीकडचा कुठला कारखाना,
नावही धड वाचता येईना.
तिथेही काळ्या चष्म्यातून
बघत असेल कुणीतरी ज्योतीकडे.
तिला झोप लागते का,
हे त्या स्टिकरवर लिहीत नाहीत.

तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहिले अब्बा.
पहिला प्रश्न: परत कधी लावायची?
पितळेची सहा महिन्यांत उतरते.

म्हटलं, ही पण विरते हळूहळू.
पण तोवर हाड पोचलेलं असतं.

बराच वेळ बोलले नाहीत.
मग टाक्यांच्या जरा खाली
टिचकी मारली, हलकीच,
गिऱ्हाइकाला पातेलं परत देताना मारत तशी,
आणि मान तिरकी करून
ऐकत राहिले.